दोनशे बाराचं पाकीट

सकाळी दहाला प्रयोगशाळेचं दार उघडायच्या आधीच विमल कासारीण आपली बैठक मांडून बसलेली असे. साबणाच्या पाण्याचं पातेलं, खोबरेल तेलाची वाटी, मांडीवर मऊ फडकं आणि पाठीमागच्या फळीवर हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या माळा. आत तीन खोल्या भरून प्रकाशयंत्रं आणि दारात पगारी कासारीण, अशी प्रयोगशाळा साऱ्या देशात एकच होती, ती कोल्हापुरात.

येणाऱ्या बायका बहुतेक साठीच्या पुढच्या. कुणी रुमालात बांधून, कुणी कुंकवाच्या जुन्या डबीत घालून, तर कुणी थेट हातात घालूनच त्या पिवळट, पारदर्शक बांगड्या घेऊन येत. हातातली असेल तर आधी दोन काचेच्या भरायच्या, मग ती उतरवायची. रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवायचं नाही, हा नियम डॉ. ऋजुता मेढेकरांनी सातव्या दिवशी केला. पहिल्या सहा दिवसांत एकही बाई बांगडी काढून द्यायला तयार झाली नव्हती. प्रकाशभौतिकीच्या कुठल्याही पुस्तकात ही अडचण लिहिलेली नव्हती.

दर मंगळवारी विमलच्या शेजारच्या खुर्चीत हेमलेखा येऊन बसत. वय ब्याण्णव. पाठ ताठ, केस पांढरे आणि आखूड. उजव्या हाताची करंगळी दुसऱ्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकडी. लहानपणी कडबा कापताना मोडली होती आणि मोडली तशीच जुळली होती.

त्या मंगळवारी गडहिंग्लजकडची एक बाई आली. विमल तिचा हात साबणाच्या पाण्यात चोळत असताना ती हेमलेखांकडे टक लावून बघत राहिली.

"आक्का, तुमीच न्हवं का त्या?"

"मीच ती. जेवढी राहिलेय तेवढी."

"माज्या आयनं तुमच्या नावाची म्हणून घेतलेली ही. हेमलेखा बांगडी. बा गेल्यावर उतरवली ती डबीतच. परवा मी घातली, तर आता निघंना. ह्यात शिनिमा हाय म्हणत्यात, खरं का?"

"सिनेमाची सावली आहे. चार सेकंदं. आणि तीसुद्धा चित्राच्या तीन भागांतला एकच भाग."

"मग तुमचं त्वांड दिसंल का?"

"दिसंल, नाहीतर नुसतं भिंताड दिसंल. तुझं नशीब."

बाई हसली, हात सैल पडला आणि विमलनं तेवढ्यात बांगडी सुळकन काढून घेतली.

हेमलेखा सोळाव्या वर्षी चित्रपटात आल्या आणि विसाव्या वर्षी दिग्दर्शक विश्वासराव इंगवल्यांशी त्यांचं लग्न झालं. इंगवल्यांनी त्यांना नाव दिलं, एकोणीस चित्रपट दिले आणि कसं हसायचं तेही ठरवून दिलं. पहिल्याच चित्रपटात त्यांनी वाकडी करंगळी पाहिली आणि सांगितलं, "हा हात पदराआड." एकोणीस चित्रपट तो हात पदराआडच राहिला. गावोगावच्या मुली तशाच पदर धरायला लागल्या. वर्तमानपत्रांनी त्याला हेमलेखाची अदा म्हटलं.

विसावा चित्रपट 'माघारीण'. नवऱ्याचं घर सोडून गेलेली सरजा आपलं शिलाईचं हातमशीन न्यायला एकदाच परत येते, एवढीच गोष्ट. चौथ्या दिवशी एका दृश्यावरून दोघांचं जुंपलं. "तूच कर मग," असं सगळ्यांसमोर म्हणून इंगवले सेटवरून निघून गेले. आठ दिवसांत ही पाया पडत येईल, असा त्यांचा हिशेब होता. हेमलेखांनी उरलेले सव्वीस दिवस स्वतः चित्रीकरण केलं, संकलकाच्या शेजारी स्टुलावर बसून चित्रपट जोडला आणि १९७१च्या दिवाळीआधी वितरकांना दाखवला. त्यात एके ठिकाणी पडद्यावर काहीच घडत नाही, फक्त सारवलेली जमीन दिसते. तिथे पहिल्या रांगेतून इंगवल्यांचं हसू ऐकू आलं. मग वितरक हसले. मग सगळेच.

त्या महिन्यात इंगवल्यांनी निगेटिव्ह स्टुडिओच्या मागे जाळली आणि एकुलती एक प्रिंट चांदी काढणाऱ्याला देऊन टाकली. कृष्णधवल फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या बारीक कणांनी. फिल्म उग्र रसायनात धुतली की चांदी तळाशी बसते आणि मागे कोरी, पारदर्शक पट्टी उरते. चांदी आटवली गेली. पट्टी एका बांगडी कारखानदारानं उचलली. त्यानं कडेची भोकं आणि ध्वनीची रेघ कापून टाकली, उरलेल्या पट्टीच्या लांबीत तीन चिंध्या केल्या आणि प्रत्येक चिंधी लाकडी ठोकळ्यावर दहा वेढे गुंडाळून चिकटवली. झाली बांगडी. फिल्म कुणाची हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं नाव दिलं हेमलेखा बांगडी. डझनाचं पाकीट, वर हसरं चित्र आणि कापत गेला त्या क्रमानं पाकिटावर आकडा. साडेचार हजारांवर बांगड्या महाराष्ट्रभर आणि बेळगावकडे खपल्या.

"चित्रपट वाईट होता. मी तो नष्ट करून तिची अब्रू वाचवली," असं इंगवले पुढे प्रत्येक मुलाखतीत सांगत. नंतर नंतर तर तो चित्रपटही आपणच काढला, तिच्या हट्टापायी बिघडला, असं म्हणू लागले. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. स्टुडिओच्या चौकात त्यांचा पुतळा होता. हेमलेखांना वेगळं झाल्यावर सासवा आणि मावश्यांच्या भूमिका मिळाल्या, मग त्याही थांबल्या. राहिले फक्त संग्राहक. त्यांची तिकिटं, भित्तिचित्रं, केसांच्या पिना, अगदी अर्धी वापरलेली ओठांची लालीसुद्धा लोकांनी काचेत ठेवली होती.

मग ऋजुता मेढेकरांना एका जुन्या बांगडीत काहीतरी दिसलं. चित्र धुवून गेलं तरी पट्टी पुरती कोरी होत नाही. चित्र उमटवण्यासाठी फिल्म पहिल्यांदा धुतली जाते तेव्हा, जिथे काळं दाट असतं तिथे रसायनाचा अंश खालच्या पट्टीत झिरपतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका. विशिष्ट जांभळ्या प्रकाशात तो अंश क्षीण चमकतो. त्यांनी त्याला छायाशेष म्हटलं. दहा वेढ्यांमधला छायाशेष एकेक थर करून वाचणारं यंत्र बनवायला त्यांना नऊ वर्षं लागली. एकशे बारा मिनिटांच्या चित्रपटातली तीस मिनिटं आता हाती आली होती. आवाज नव्हता. कुठे चित्र पुरं, कुठे डावा तुकडा नाही, कुठे मधला.

"बाई, आत येता? ओगले आलेत," ऋजुता दारात येऊन म्हणाल्या.

सांगलीचे यशवंत ओगले म्हणजे संग्राहक मंडळाचे अध्यक्ष. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट आणि हातात पांढरे सुती हातमोजे. टेबलावर त्यांच्यासमोर दोन वस्तू होत्या. एक, इंगवल्यांची चित्रीकरणाची डायरी. दुसरी, जगात न उघडलेलं असं एकमेव हेमलेखा बांगडीचं पाकीट. क्रमांक २१२.

"नमस्कार बाई. तब्येत?"

"तुमच्या पाकिटासारखी. वरून बरी दिसते."

ऋजुतांनी पडदा सुरू केला. २११ आणि २१३ या पाकिटांतल्या बांगड्या पूर्वीच वाचून झाल्या होत्या. २११च्या शेवटी सरजा मशीनकडे वाकते. २१३च्या सुरुवातीला ती डोक्यावर मशीन घेऊन पाणंदीनं चालते आहे. मधली साडेसतरा सेकंदं नव्हती. ती पूरकनं भरून काढली होती. पूरक ही गाळलेल्या जागा भरणारी संगणकाची आज्ञावली. इंगवल्यांचे एकोणीस चित्रपट आणि ही डायरी तिला शिकवली होती.

पडद्यावर कॅमेरा हळूहळू सरजाच्या चेहऱ्याकडे सरकला. डोळ्यांत पाणी आलं. मागे नवरा मान खाली घालून उभा. चेहरा पंचविशीतल्या हेमलेखांचा होता, प्रत्येक केस जागच्या जागी.

"अहाहा!" ओगले म्हणाले. "ही इंगवल्यांची सही आहे. दुसरं कुणी करूच शकत नाही."

"बरोबर. हे त्यांचंच आहे," हेमलेखा म्हणाल्या. "माझं नाही. मी त्या दिवशी रडले नव्हते."

ऋजुता हलक्या आवाजात म्हणाल्या, "पूरकचा हा अंदाज आहे बाई. शहाण्णव टक्के खात्रीचा."

"कशाची खात्री? मी कशी रडले असते त्याची?"

ओगल्यांनी घसा साफ केला. "वाद नको. पंधरा दिवसांनी मिळालेल्या चित्रपटाचा पहिला खेळ आहे. नामावलीत दिग्दर्शक म्हणून इंगवल्यांचं नाव घालायचं असेल तर मी हे पाकीट उघडून देतो. खेळ ठरवणाऱ्या समितीचंही तेच मत आहे. बाई, तुमचा मान आहेच. आमच्या घरात तुमच्या एकशे बारा वस्तू आहेत. पण पुरावा म्हणून काही लागतं. इथे दिग्दर्शकाच्या हस्ताक्षरातली नोंद आहे."

"वाचा की मग."

ओगल्यांनी मोजे चढवून पान उलटलं. "एकोणीस मे. सरजा मशीन उचलते. ट्रॉलीवरून कॅमेरा चेहऱ्याजवळ. डोळ्यांत पाणी. मागे नवरा, मान खाली."

"ट्रॉलीचं चाक सतरा मेला तुटलं होतं," हेमलेखा म्हणाल्या. "आणि हे गृहस्थ तेव्हा पन्हाळ्यावर होते. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. पोरी, लिहून घे. तारीख, वेळ घाल."

ऋजुतांनी कागद ओढला.

"कॅमेरा जमिनीवर, पाटावर ठेवलेला. हलत नाही. सरजाचा चेहरा दिसतच नाही, कमरेखालचीच दिसते. ती मशीन उचलते आणि चौकटीतून निघून जाते. सारवलेल्या जमिनीवर मशीनच्या खोक्याची चौकोनी खूण राहते, आजूबाजूला धूळ, मध्ये स्वच्छ. ती खूण आणि शेजारी पडलेलं दोऱ्याचं रीळ. बाकी काही नाही. नऊ आकडे मोजायचे. मग उजवीकडून एक हात येतो, पुरुषाच्या सदऱ्याची बाही, आणि ते रीळ उचलतो. तिथे तुकडा संपतो."

"कुणाचा हात?" ऋजुतांनी विचारलं.

"ते पाकिटाला विचार."

ऋजुतांनी कागदाची घडी न करता तो डायरीशेजारी ठेवला. दोन भाकितं आणि मध्ये बंद पाकीट. इतका स्वच्छ प्रयोग त्यांना आयुष्यात कधी मांडायला मिळाला नव्हता.

"आणि मी चुकले," हेमलेखा म्हणाल्या, "तर नामावलीत त्यांचंच नाव घाला. त्यांच्या पुतळ्याला हार मी घालीन."

ओगल्यांनी पाकीट हातात घेतलं. सदुसष्ट वर्षं न उघडलेलं. उघडलं की त्याचं मोल संपणार होतं, आणि नाही उघडलं तर आपण घाबरलो असं ही बाई जन्मभर म्हणणार होती. त्यांनी खिशातून छोटी पाती काढली.

"थांबा, पातीनं ओरखडे पडतील," ऋजुता म्हणाल्या आणि त्यांनी विमलला हाक मारली.

विमल ओले हात पुसत आत आली. कागद आतल्या बांगड्यांना चिकटला होता. तिनं अंगठा तेलात बुडवला, कडेकडेनं फिरवला आणि लहान मुलाचा झोपेतला हात सोडवावा तसा कागद सोडवला. बारा बांगड्या टेबलावर ओळीनं मांडल्या. ओगले त्या मोजत नव्हते. ते पाकिटावरच्या हसऱ्या चित्राकडे पाहत होते.

यंत्राला दोन तास लागले. तेवढ्यात विमलनं सगळ्यांना चहा दिला. ओगल्यांनी तो बशीत ओतला आणि प्यायला विसरले. हेमलेखा डोळे मिटून बसल्या होत्या. आपण चुकू ही भीती त्यांना नव्हती. त्यांना त्या जुन्या हसण्याची भीती होती. दृश्य आपल्या आठवणीतलंच निघेल, पण ते खरोखरच हास्यास्पद असेल तर? इतकी वर्षं त्या ज्या माणसाला खोटारडा म्हणत आल्या, तो तेवढ्या एका बाबतीत खरा असेल तर?

पडदा उजळला. तीन उभे तुकडे एकमेकांना येऊन भिडले आणि चित्र झालं. खाली ठेवलेला कॅमेरा. नऊवारीचा काठ, दोन पावलं, हातमशीन. मशीन उचललं गेलं. पावलं निघून गेली.

उरली चौकोनी खूण आणि रीळ.

विमलनं नकळत पदराचं टोक मुठीत धरलं. ऋजुतांचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. सात, आठ, नऊ. उजवीकडून पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याची बाही आली. हात रिळावर आला, क्षणभर थबकला आणि त्यानं रीळ उचललं. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

कुणीतरी श्वास सोडला. ते ओगले होते.

"परत लावा," ते म्हणाले. परत पाहिल्यावर हळूच म्हणाले, "उजवा हात. एकोणीस चित्रपटांत हा हात एकदाही मोकळा दिसलेला नाही. मी प्रत्येक चित्रपट चाळीस-चाळीस वेळा पाहिलाय."

"नवऱ्याचं काम करणारा नट त्या दिवशी आलाच नाही," हेमलेखा म्हणाल्या. "त्याला ह्यांचा निरोप गेला होता, जाऊ नको म्हणून. मग मीच त्याचा सदरा घातला. जो हात ह्यांनी लपवला, तो चौकटीच्या मधोमध ठेवला. आमचं भांडण होतं ते ह्याच दृश्यावरून. त्यांना चेहरा हवा होता, मला जमीन."

ओगल्यांनी हातातले मोजे काढले. डायरी बंद केली. त्यांच्या संग्रहातली ती सर्वांत मोलाची वस्तू होती, आणि ती आता एका माणसाच्या खोटेपणाचा पुरावा झाली होती. मग ते रिकामं पाकीट त्यांनी हेमलेखांपुढे सरकवलं.

"सही द्याल?"

"फोडलेल्या पाकिटावर?"

"दिग्दर्शक म्हणून द्या."

हेमलेखांनी पेन घेतलं आणि वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं, 'हौसा मांगोरे'.

"हे कोण?" विमलनं विचारलं.

"मीच गं. हेमलेखा हे नावही त्यांनीच ठेवलेलं. पडद्यावर हेच नाव घाला."

"लोक ओळखणार नाहीत हो बाई," ओगले कळवळून म्हणाले.

"ओळख करून घेतील."

पहिला खेळ रविवारी दुपारी तीनला होता. ज्या बायकांनी बांगड्या दिल्या होत्या त्यांनाच बोलावलं होतं. चित्रगृह हिरव्या काचेच्या किणकिणाटानं भरून गेलं. हौसाबाईंच्या सांगण्यावरून पूरकचा एकही तुकडा घेतलेला नव्हता. जिथे चित्र नव्हतं तिथे पडदा काळा ठेवला होता. आवाज नव्हताच. बायका आपापसांत कुजबुजत होत्या, हे माझं, हे माझ्या सासूचं.

दोनशे बारा आलं.

मशीन उचललं गेलं. पावलं गेली. पडद्यावर रिकामी जमीन. हौसाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. एक, दोन. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. चार. पाच. सदुसष्ट वर्षांपूर्वी हसू पाचालाच सुरू झालं होतं. सहा. बांगड्या वाजायच्या थांबल्या. आठशे बायका एका चौकोनी खुणेकडे बघत होत्या. नऊ. हात आला, रीळ उचललं गेलं.

मागच्या रांगेतून एक भरदार आवाज आला. "मशीन घेऊन गेली गं बया!"

आणि चित्रगृह कोसळलं. टाळ्या, शिट्ट्या, काचेचा खणखणाट. कुणीतरी उभं राहून पदर उडवला. पुढची पाणंद टाळ्यांत कुणाला दिसलीच नाही. हौसाबाईंना हसूही ऐकू आलं, पण ते वेगळं होतं. ते सरजाच्या बाजूनं होतं.

"पोरी," त्या शेजारी बसलेल्या ऋजुतांच्या कानात म्हणाल्या, "चांगला झालाय गं."

शेवटी पडद्यावर नाव आलं. दिग्दर्शन, हौसा मांगोरे. ओगले सगळ्यांत आधी उभे राहिले.

बाहेर व्हरांड्यात विमलनं बैठक मांडली होती, कारण आणखी बांगड्या घेऊन बायका आल्याच होत्या. ऋजुता हौसाबाईंना धरून खुर्चीपाशी घेऊन आल्या. त्यांना बसवून म्हणाल्या, "बाई, एक्याऐंशी मिनिटं राहिलीत. बांगड्या अशाच येत राहिल्या तर वर्षाला चारेक मिनिटं मिळतील."

"म्हणजे वीस वर्षं."

"हो. पण आता पूरकला तुमचं शिकवता येईल. तुमच्या एकतीस मिनिटांवरून. इंगवल्यांचं काही नाही, फक्त तुमचं. ती तुमच्यासारखं बघायला शिकेल. महिन्याभरात पुरा चित्रपट. तुम्हाला स्वतःला बघता येईल."

हौसाबाई हसल्या. मोह त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला आणि त्यांनी तो लपवलाही नाही. शेवटच्या दृश्यात सरजानं मागे वळून पाहिलं होतं की नाही, हे त्यांनाही आता नीट आठवत नव्हतं.

रांगेतल्या पुढच्या बाईनं बांगडी विमलकडे न देता त्यांच्याच हातात दिली. हौसाबाईंनी ती दुपारच्या उन्हात धरली. पिवळट कडं, कोरं, स्वच्छ. ती धरलेल्या बोटांच्या शेजारी त्यांची वाकडी करंगळी उन्हात उघडीच होती.

"शिकेल ती. माझ्यासारखं बघायलाही शिकेल," त्या म्हणाल्या. "पण पोरी, त्या दिवशी तो नट आला नाही, म्हणून मी सदरा घातला. ते पूरकला कुठून सुचणार होतं?"